अपॉकॅलिप्स वर्ल्ड
टेबलाभोवती बसून, बोलत बोलत खेळायचा अमेरिकी भूमिकाखेळ. व्हिन्सेंट बेकर यांनी तो २०१० मध्ये प्रसिद्ध केला. नुसते ‘धमकावतो’ म्हणून इथे भागत नाही. बंदूक कुठे रोखली, काय बोललो हे खेळाडूने सांगायचे, मगच दोन फासे पडतात. पात्राचा गुण धरून बेरीज १० वा अधिक आली तर काम फत्ते. ७ ते ९ आली तर यश मिळते, पण काहीतरी मोजून. त्याखाली खेळ चालवणारा सूत्रधार संकट ओढवून आणतो. त्याने कथानक आधी रचायचे नाही, हा नियमच आहे. उलट तोच खेळाडूंना विचारतो : वस्तीला पाणी कुठून येते? ऐनवेळी सुचलेले उत्तर हेच खेळातल्या उद्ध्वस्त जगाचे सत्य. आयती गोष्ट ऐकायला आलेला गडी अर्थातच लवकर कंटाळतो. ‘डंजन वर्ल्ड’ हा भूमिकाखेळही याच चौकटीवर बेतलेला आहे.