कोरलेला अंधार
चित्रकार चित्तप्रसाद यांनी मुंबईत 1952च्या सुमारास राबणाऱ्या मुलांची लिनोकट मालिका केली: ‘परीकथेविना देवदूत’. लाकडी ठशाप्रमाणे लिनोतही कोरलेला भाग पांढरा उमटतो, न कोरलेला काळा. म्हणून इथला अंधार मला निव्वळ पार्श्वभूमी वाटत नाही; मुलांना घेरणाऱ्या दारिद्र्याचे ते प्रतीक आहे. हा पक्षप्रचारच, असे कोणी म्हणेल. पण तोवर चित्तप्रसाद कम्युनिस्ट पक्षापासून दुरावले होते, आणि मालिकेचे नावही मागणी मांडत नाही, हिरावलेले बालपण दाखवते. चित्रे शहरात घडली हे खरे. तरी गोंदिया जिल्ह्यातल्या कोहमाऱ्याच्या जंगलपट्ट्यात, जिथे तेंदूपानाच्या हंगामात अख्खी कुटुंबे राबतात, या चित्रांचा अर्थ अधिकच गडद होतो.