सुंता आणि खतना

आमच्या बुलढाणा जिल्ह्याला लागूनच उत्तरेला बऱ्हाणपूर. तिथली दर्गाह-ए-हकीमी हे दाऊदी बोहऱ्यांचं मोठं श्रद्धास्थान. मुलांची सुंता आपल्याकडे सगळ्यांनाच ठाऊक असते. पण बोहऱ्यांत मुलींचाही ‘खतना’ होतो, साधारण सातव्या वर्षी, हे फार थोड्यांना माहीत असतं. सुंतेची जेवणावळ होते. खतना मात्र बायका आपापसात, गुपचूप उरकतात.

समर्थक म्हणतात, आम्ही जराशी त्वचाच काढतो, मग मुलाला चालतं ते मुलीला का नाही? प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने अशा प्रथांचे चार प्रकार केले आहेत. तिसऱ्यात योनिमुख शिवून जवळजवळ बंद करतात. त्याची सुंतेशी तुलनाच नको. पहिल्यातली सर्वांत सौम्य रीत मात्र सुंतेच्या जवळ जाते. पण कागदावर. घाबरलेल्या सात वर्षांच्या पोरीच्या बाबतीत पातं नेमकं कुठे थांबलं, हे कोण बघणार?

इतिहासात एक गंमत आहे, कडू गंमत. लंडनचे डॉक्टर आयझॅक बेकर ब्राउन हस्तमैथुनाने फेफरं आणि उन्माद होतो असं मानून बायकांवर हीच शस्त्रक्रिया करत. १८६७ मध्ये तिथल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेने त्यांना काढून टाकलं. पुढे त्याच शतकात, हस्तमैथुनाच्याच भीतीपोटी, इंग्लंड-अमेरिकेतले डॉक्टर मुलग्यांच्या सुंतेची शिफारस करू लागले, आणि ती रूढ झाली!

सुंतेचा फायदा नाहीच असं नाही. आफ्रिकेतल्या चाचण्यांत पुरुषांना स्त्रियांकडून होणारी एचआयव्हीची लागण सुमारे ६० टक्क्यांनी कमी दिसली आणि २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिथे सुंतेची शिफारस केली. मुलींच्या खतन्याचा असा एकही फायदा सिद्ध झालेला नाही. उलट, वासना ताब्यात राहावी म्हणून हे करतात, असं अनेक बोहरी स्त्रियांनीच सांगितलं आहे.

२०१७ मध्ये ही प्रथा सर्वोच्च न्यायालयात गेली; २०१८ मध्ये प्रकरण पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे सोपवलं गेलं. तिकडे जर्मनीत २०१२ मध्ये कोलोनच्या न्यायालयाने मुलग्याची धार्मिक सुंता ही शारीरिक इजा ठरवली, आणि त्याच वर्षी संसदेने कायदा करून तिला परवानगी दिली.

मला वाटतं, दोन्ही सारखंच असेल, तर त्यातून मुलीला कापायची मुभा निघत नाही. निघालाच तर मुलग्याबद्दलचा प्रश्न निघतो: त्याला कुणी विचारलं होतं? तो प्रश्न जरूर विचारावा. पण त्याचं उत्तर मिळेपर्यंत मुलींनी थांबायचं कारण नाही.