मर्जीवरचा मुक्काम

मुंबईत वर्ष-दोन वर्षे राहायला आलेल्या परदेशी माणसाची गाठ कधी ना कधी एफआरआरओशी पडतेच. परदेशी नागरिकांची नोंदणी करणारे हे कार्यालय सेंट झेवियर्स कॉलेजच्या मागे, बद्रुद्दीन तय्यबजी मार्गावर आहे. २०१८ पासून बरीचशी कामे संगणकावरून होतात, पण मागितले जाणारे कागद तेच राहिले: पासपोर्ट, व्हिसा, भाडेकरार, घरमालकाने भरलेला फॉर्म सी, कंपनीचे किंवा कॉलेजचे पत्र आणि या माणसाची जबाबदारी आमची, असे लिहून दिलेले हमीपत्र. एवढे सगळे चोख जोडले तरी मुदतवाढ मिळण्याचा हक्क अर्जदाराला नसतो. मिळाली तर सरकारची मर्जी, नाही मिळाली तरी सरकारची मर्जी. दहशतवादाच्या काळात हे असेच असणार, असे आपण धरून चालतो. इतिहास पाहिला तर ही समजूत टिकत नाही. ही मर्जी आजच्या भीतीतून जन्मलेली नाही. ती ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारची आहे आणि स्वतंत्र भारताने ती जवळजवळ जशीच्या तशी सांभाळली आहे.

कंपनीला पहिली धास्ती होती ती आपल्याच देशबांधवांची. व्यापाराचा मक्ता तिच्याकडे होता आणि संचालकांच्या परवान्याशिवाय हिंदुस्थानात येणारा इंग्रज हा त्या मक्त्यातला घुसखोर ठरे. त्याला पकडून पुढच्या जहाजाने परत धाडण्याचा अधिकार कंपनीच्या सरकारला होता. मिशनऱ्यांवर तर तिचा विशेष डोळा असे, कारण धर्माच्या प्रश्नावरून रयत बिथरली तर महसूल आणि फौज दोन्ही धोक्यात येतील, हा तिचा हिशोब होता. विल्यम कॅरी १७९३ मध्ये डॅनिश जहाजातून परवान्याविना बंगालात उतरला. माल्दा भागातल्या निळीच्या कारखान्यात नोकरी धरून त्याने काही वर्षे निभावून नेली आणि १८०० मध्ये तो कंपनीच्या हद्दीबाहेरच्या, डेन्मार्कच्या ताब्यातल्या श्रीरामपूरला जाऊन राहिला. त्याच कॅरीला कंपनीने फोर्ट विल्यम कॉलेजात देशी भाषा शिकवायला नेमले. त्याचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि मराठी कोश १८१० मध्ये छापून निघाला. मिशनरी म्हणून जो नकोसा, तोच भाषेचा पंडित म्हणून हवासा. माणूस एकच, नियम एकच. बदलली ती फक्त सरकारची गरज.

महाराष्ट्राच्या दृष्टीने याहून बोलके उदाहरण गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट या दोन अमेरिकन तरुणांचे आहे. १८१२ मध्ये ते कलकत्त्याला पोचले, तेव्हा तिथल्या सरकारने त्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला. ते मुंबईच्या जहाजात बसले आणि फेब्रुवारी १८१३ मध्ये इथे उतरले. मागोमाग कलकत्त्याहून पत्र आले, की या दोघांना इंग्लंडला रवाना करा. त्यातच अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात युद्ध पेटलेले, म्हणजे हे दोघे आता शत्रुराष्ट्राचे नागरिक. मुंबईचा गव्हर्नर सर इव्हान नेपियन स्वतः बायबल सोसायटीशी संबंध असलेला, मनाने त्यांच्याकडे झुकलेला. पण हुकूम वरचा होता. त्याने त्यांना ताबडतोब हाकलले नाही आणि राहण्याची परवानगीही दिली नाही. महिन्यामागून महिने गेले. अर्ज, उत्तर, पुन्हा अर्ज. मध्येच दोघे गुपचूप किनाऱ्याकिनाऱ्याने सिलोनकडे निघाले, तर कोचीनला पकडून त्यांना परत मुंबईत आणले गेले. वर्ष सरत आले तेव्हा इंग्लंडच्या जहाजावर त्यांची रवानगी ठरलेली होती. त्या वेळी हॉलने गव्हर्नरला एक शेवटचे पत्र लिहिले. त्यात कायद्याचा आधार फारसा नव्हता, कारण कायदा त्यांच्या बाजूने नव्हताच. आम्हाला घालवून दिलेत तर ईश्वरापुढे त्याचे उत्तर तुम्हाला द्यावे लागेल, असा त्याचा रोख होता. रवानगी थांबली, प्रकरण लंडनला गेले आणि शेवटी तिकडून अनुकूल कौल आला.

या थांबलेल्या रवानगीतून अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. नॉट प्रकृतीमुळे लवकरच परतला. हॉल मात्र १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर पटकीने वारला तोवर इथेच होता. मिशनने १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली. १८२७ मध्ये आलेल्या सिंथिया फॅरार यांनी पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या, आणि त्या पाहूनच आपल्या मनात मुलींच्या शाळेचा विचार बळावला, असे जोतीराव फुल्यांनी नमूद केले आहे. १८४२ मध्ये याच मिशनचे 'ज्ञानोदय' सुरू झाले. धर्मांतराच्या कामाबद्दल कोणाचे काहीही मत असो, महाराष्ट्राच्या शिक्षणाच्या इतिहासातला एवढा मोठा धागा १८१३ च्या डिसेंबरात एका गव्हर्नरच्या मनःस्थितीवर लोंबकळत होता, ही गोष्ट अस्वस्थ करणारी आहे.

आणि ती मनःस्थिती नेहमी सारखी नसे. दोनच वर्षांनी, १८१५ मध्ये, जेम्स सिल्क बकिंगहॅम नावाचा इंग्रज दर्यावर्दी मुंबईत आला. मस्कतच्या इमामाच्या जहाजाचे कप्तानपद त्याला मिळाले होते. त्याच्याकडे कंपनीचा परवाना नव्हता, एवढ्या कारणावरून याच नेपियनच्या सरकारने त्याला बाहेर काढले. शत्रुराष्ट्राच्या दोघांना अभय आणि स्वतःच्या राजाच्या प्रजाजनाला नारळ! बकिंगहॅम पुढे परवाना मिळवून परतला, १८१८ मध्ये त्याने कलकत्त्यात 'कलकत्ता जर्नल' काढले आणि सरकारी नेमणुकांवर बोचरे लिहू लागला. एका पाद्र्याला सरकारी लेखनसामग्रीचा कारभारी नेमल्याची त्याने टर उडवली, तेव्हा १८२३ मध्ये हंगामी गव्हर्नर-जनरल जॉन अ‍ॅडमने त्याचा परवाना काढून घेतला आणि त्याला देशाबाहेर घालवले. खटला नाही, आरोपपत्र नाही. पुढच्याच वर्षी मुंबईत एल्फिन्स्टनच्या सरकारने 'बॉम्बे गॅझेट'च्या फेअर या संपादकावर हाच प्रयोग केला. एल्फिन्स्टनसारखा उदार म्हणून नावाजलेला माणूसही हातात असलेले हे हत्यार वापरायचे टाळू शकला नाही, यात मला त्या हत्याराचा स्वभाव दिसतो. राहण्याचा परवाना हा बोलण्याचाही परवाना होऊन बसला होता.

१८३३ च्या सनदी कायद्याने ब्रिटिश प्रजाजनांवरची परवान्याची अट बहुतांशी उठली. मात्र उतरल्यावर आपले नाव, जायचे ठिकाण आणि येण्याचा हेतू बंदरावरच्या कस्टम्स अधिकाऱ्याला लेखी कळवण्याचे बंधन त्यात होते. विमानतळावर आज भरून घेतात त्या नोंदीतले रकाने यांहून फार वेगळे नाहीत. मग १८५७ झाले आणि १८६४ चा परकीयांविषयीचा कायदा आला. कोणत्याही परकीयाला देश सोडण्याचा हुकूम देण्याचा आणि गरज वाटेल तेव्हा त्याच्या राहण्या-फिरण्यावर परवाना लादण्याचा अधिकार सरकारने त्यातून स्वतःकडे घेतला. मुंबईसारख्या इलाखा-शहरात अशा वेळी हजेरी लावायची ती पोलीस कमिशनरकडे. कस्टम्सच्या टेबलावरून प्रकरण पोलिसांच्या टेबलावर गेले ते तेव्हा, आणि तिथून ते हललेले नाही.

विसाव्या शतकात प्रत्येक युद्धाने या इमारतीवर एकेक मजला चढवला. पहिल्या महायुद्धात जर्मनांना अहमदनगरच्या छावणीत डांबले, युद्ध संपल्यावर १९२० मध्ये पासपोर्टची सक्ती करणारा कायदा आला. १९३९ मध्ये युद्धाच्या तोंडावर परकीयांच्या नोंदणीचा कायदा झाला. त्याची पहिली झळ कोणाला बसली, हे पाहण्यासारखे आहे. हिटलरच्या छळातून निसटलेले निर्वासित, त्यांत बरेच जर्मन आणि ऑस्ट्रियन ज्यू, मुंबईत आलेले होते. इथे कोणी नोकरी देईल, कोणी हमी घेईल, तरच त्यांना येता येई. त्यासाठी १९३४ पासून मुंबईत ज्यूंची मदतसंस्था काम करत होती. ऑल इंडिया रेडिओची ओळखधून बांधणारा वॉल्टर काउफमन यांतलाच. पुढे सूझा, रझा, आरा यांच्या पिढीला घरी बोलावून युरोपातली नवी चित्रकला समजावून देणारा वॉल्टर लँगहॅमरही यांतलाच. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच जर्मन पासपोर्टवरचे ज्यू पुरुषही शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून पकडले गेले. नाझींपासून पळालेल्यांना नाझींच्याच जोडीला छावणीत बसावे लागले. चौकशी समितीने बहुतेकांना नंतर सोडले. काही कुटुंबांचे युद्धाचे दिवस पुरंदर आणि साताऱ्याच्या छावण्यांत गेले. नोंदवहीत राष्ट्रीयत्वाचा रकाना होता. माणूस कोणापासून पळून आला, याचा रकाना नव्हता.

१९४६ चा परकीय नागरिक कायदा ब्रिटिश राजवटीच्या अखेरच्या महिन्यांतला. कोण परकीय आणि कोण नाही, हे सिद्ध करण्याचा भार त्याने त्या माणसावरच टाकला. स्वतंत्र भारताने राजद्रोहापासून शेतसाऱ्यापर्यंत किती कायद्यांवर वाद घातले! या कायद्यावर मात्र फारसे कोणी बोलले नाही. १९५५ मध्ये हान्स म्यूलर या जर्मनाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की परकीयाला बाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार अनिर्बंध आहे. १९९१ चा लुई डी रेड्ट खटला तर मुळातूनच वाचावा असा आहे. हा बेल्जियन मिशनरी १९३७ मध्ये आला. राहण्याचा परवाना वेळोवेळी वाढवून घेत त्याने अर्धशतक इथे काढले. १९८७ मध्ये त्याला देश सोडायला सांगण्यात आले. संविधान लागू झाले तेव्हा माझा अधिवास इथेच होता, म्हणून मी नागरिक आहे, असे त्याचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मान्य केले नाही: नुसते दीर्घकाळ राहिल्याने कायमच्या वास्तव्याचा इरादा सिद्ध होत नाही, आणि जीवित व स्वातंत्र्याचे संरक्षण परकीयालाही असले तरी इथे राहण्याचा हक्क फक्त नागरिकाला आहे. संविधानाच्या शब्दांप्रमाणे निकाल चूक म्हणता येणार नाही. पण पन्नास वर्षे मुदतवाढ देणाऱ्या सरकारला त्या पन्नास वर्षांचे काहीही देणे लागत नाही, हे त्यातून पक्के झाले.

सुरक्षेचे काय, असा प्रश्न इथे येणारच, आणि मुंबईकराला तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. २६/११ च्या हल्ल्याआधी डेव्हिड हेडलीने ताडदेवला परदेशगमनाचा सल्ला देणारे कार्यालय थाटून या शहराची टेहळणी केली. त्याच्या हाती रीतसर दिलेला व्हिसा होता. हे उघडकीला आल्यावर डिसेंबर २००९ मध्ये सरकारने पर्यटक व्हिसावर पुन्हा येण्यासाठी दोन महिन्यांच्या अंतराची अट घातली. ती बसली गोव्यात हिवाळे काढणाऱ्यांवर, आश्रमांत राहणाऱ्यांवर, नेपाळ-श्रीलंका करून परतणाऱ्या पर्यटकांवर; २०१२ मध्ये ती बऱ्याच अंशी मागे घ्यावी लागली. परक्यांवर नजर ठेवावी, त्यांची नोंद असावी, यात वाद नाही. पण हेडलीला रोखायला हवी होती ती व्हिसा देतानाची चौकशी आणि तपासयंत्रणांनी एकमेकांना दिलेली माहिती. मुदतवाढीच्या अर्जावर मोघम नकार लिहिण्याच्या मोकळिकीने तो सापडला नसता. नजर ठेवणे वेगळे आणि उत्तरदायी नसणे वेगळे.

दुसरा आक्षेप असा, की सगळे देश असेच वागतात. मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला गेलेल्या आणि सहा महिन्यांची मुदत वाढवून मागणाऱ्या पुण्याच्या आईवडिलांना तिथल्या कचेरीचा धाक ठाऊक असतो. तिकडच्या रांगा आणि विलंब काही कमी नाहीत. तरीही एच-१बीवर सहा वर्षे झालेल्या मराठी अभियंत्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज रखडला असेल, तर पुढची मुदतवाढ कोणत्या अटींवर मिळेल, हे अमेरिकेच्या २००० सालच्या कायद्यात लिहिलेले आहे. ब्रिटनमध्ये कुशल कामगाराला ठरावीक वर्षांनंतर कायम राहण्यासाठी अर्ज करता येतो. म्हणजे गेलेल्या वर्षांना कायद्याच्या लेखी काही किंमत आहे. आपल्याकडे २०१६ मध्ये दहा वर्षांच्या निवासाची योजना निघाली ती दहा कोटी रुपयांपासून पुढे गुंतवणाऱ्यांसाठी. तीस वर्षे शिकवणाऱ्या शिक्षिकेसाठी तशी वाट नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: मर्जी होती म्हणूनच हॉल वाचला. नियम काटेकोर असता तर तो आणि नॉट जहाजावर चढले असते. हे खरे आहे, आणि अधिकाऱ्याच्या हाती थोडी सवड असलीच पाहिजे, कारण कोणताही नियम सगळी माणसे आधीच ओळखू शकत नाही. पण हॉलचे प्रकरण नीट पाहिले तर तिथे मर्जीखेरीज आणखी काही होते. हुकूम लेखी होता, त्याला लेखी उत्तर देता आले, आणि अंतिम निर्णय गव्हर्नरच्या वरच्या कोणीतरी घेतला. बकिंगहॅमच्या वाट्याला १८२३ मध्ये यांतले वरचे दार वेळेत आलेच नाही. तो आधी घालवला गेला आणि दाद मागत राहिला ती नंतर, लंडनमध्ये बसून, वर्षानुवर्षे.

त्याच १८१३ साली पार्लमेंटने कंपनीची सनद नवी केली. त्या कायद्यात मिशनरी आणि शिक्षक यांच्या परवान्यासाठी एक तरतूद आहे: संचालकांना अर्ज मान्य करायचा नसेल, तर तो त्यांनी महिन्याच्या आत वरच्या नियंत्रण मंडळाकडे पाठवायचा, आणि मंडळाला हरकत दिसली नाही तर परवाना द्यायला लावायचा. दोन शतकांनी, २०२५ मध्ये, संसदेने १९२०, १९३९ आणि १९४६ चे कायदे रद्द करून एकच नवा कायदा केला. तो १ सप्टेंबरपासून लागू झाला. देशाच्या सुरक्षेला धोका वगैरे कारणांवरून एखाद्याला आत घ्यायचे किंवा राहू द्यायचे नाही असे ठरले, तर त्या बाबतीत इमिग्रेशन अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम आणि बंधनकारक असेल, असे त्यात म्हटले आहे. कायद्याखालचे नियम सरकारला केव्हाही बदलता येतात. मुदतवाढीचा अर्ज नाकारताना कारण लिहून द्यावे आणि तो कागद महिन्याभरात वरच्या अधिकाऱ्यापुढे जावा, एवढे त्यांत घालायला नवा कायदाही लागणार नाही.