आकडा हवा, नाव कशाला?

साथ रोखायची तर आजार कुठे आणि किती पसरला, हे सरकारला कळलेच पाहिजे. त्याबद्दल वाद नाही. प्रश्न एवढाच, की त्यासाठी रुग्णाचे नाव कुणाकुणाला कळावे? हे उत्तर सापडायला आपल्याकडे शंभर वर्षे लागली आणि त्याची किंमत साध्या माणसांनी मोजली.

1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, पाठोपाठ 1897 चा साथरोग कायदा. तपासणी पथके घरोघर फिरून रुग्णाला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेऊ लागली. परिणाम उलटा झाला. लोक आजारी माणूस लपवू लागले, मयतसुद्धा लपवू लागले. मार्च 1898 मध्ये मदनपुऱ्याच्या मोमीन विणकरांनी एका आजारी मुलीच्या तपासणीला विरोध केला, दंगल उसळली, गोळीबार झाला. त्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. पण आजार सांगितला की माणूसच उचलून नेतात, हे पाहिलेले घर आजार सांगेल कसे?

नव्वद वर्षांनी गोव्यात तेच घडले. डॉमिनिक डिसोझा हा तरुण रक्तदान करायचा. त्या रक्तात एचआयव्ही आढळला. फेब्रुवारी 1989 मध्ये पोलिसांनी त्याला नेले आणि गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली म्हापशात 64 दिवस एकटे डांबून ठेवले. तो कोण, हे गावभर झाले. त्याची आई लुसी उच्च न्यायालयात गेली. तो सुटला, पण न्यायालयाने कायद्यातली ती तरतूद कायम ठेवली. 1992 मध्ये डॉमिनिक वारला. हे पाहिल्यावर रक्त तपासायला आपणहून कोण पुढे येणार होते?

पुढे शहाणपण आले. 1998 पासून राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने देशभर नियमित पाहणी सुरू केली. गरोदर स्त्रियांचे रक्त दवाखान्यात एरवीही तपासले जाई. त्यातला उरलेला भाग नाव काढून, फक्त सांकेतिक क्रमांक लावून एचआयव्हीसाठी तपासला जाई. आकडा मिळे, माणूस सापडत नसे. या पद्धतीला एक कडू बाजूही होती: जिच्या रक्तात विषाणू सापडला, तिलाही ते कळवता येत नसे. म्हणून संमतीने, समुपदेशनासह आणि गुप्तता राखून तपासणी करणारी केंद्रे वेगळी लागतात. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने, काही अपवाद सोडता, रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करण्यास मनाई केली.

मात्र नुसते नाव खोडून भागत नाही. मी शिक्षक आहे, म्हणून वर्गातले उदाहरण देतो. ‘सातवीतली एक मुलगी, नुकतीच दुसऱ्या गावाहून आलेली’ एवढे म्हटले, तरी ती कोण हे सगळी शाळा ओळखते. छोट्या गावातल्या एकाच रुग्णाचे वय, मोहल्ला आणि व्यवसाय एका ओळीत छापले, तर नाव छापल्यासारखेच होते. म्हणून अहवालात गरजेपुरतेच लिहावे आणि ते गरज असलेल्यांनीच पाहावे.

डॉक्टरला सांगितलेला आजार ही अमानत आहे. तिच्यात खयानत झाली, तर इज्जत एकाची जाते, पण त्याला पाहून दहाजण दवाखान्याची पायरी चढत नाहीत. मग सरकारच्या वहीत आजार कमी दिसतो आणि वस्तीत वाढत राहतो.