शाळेंतील पेढी

मुलांना काटकसर शिकवावी, हा उपदेश आमच्या घराघरांतून इतक्या वेळां केला जातो कीं, तो ऐकणाराच्या कानावरून केव्हां निघून जातो, हें सांगणारालाही कळत नाहीं. 'थेंबें थेंबें तळें सांचे' ही म्हण तोंडपाठ असलेला मुलगा महिन्याच्या दहा तारखेलाच वडिलांपुढें हात पसरतो, आणि वडीलही कुरकुरत का होईना, त्या हातावर पैसे ठेवतात. उपदेशानें जें साधत नाहीं तें संवयीनें साधेल काय, असा प्रश्न युरोपांतील कांहीं विद्वानांनीं एकोणिसाव्या शतकांत स्वतःस विचारला होता. त्यांच्या प्रयत्नांचा वृत्तांत येथें थोडक्यांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

फ्रान्समधील ल मां या शहरीं १८३४ सालीं शाळेच्या मुलांसाठीं बचतपेढी निघाली होती. परंतु या कल्पनेस खरें वजन आलें तें बेल्जममधील गेंट येथें. गेंट हें त्या काळीं सुती गिरण्यांचें शहर होतें. आईबाप गिरणींत राबत आणि पुष्कळ मुलेंही लवकरच त्याच वाटेनें जात. तेथील विद्यापीठांत फ्रांस्वा लोराँ (१८१०–१८८७) हे दिवाणी कायद्याचे प्राध्यापक होते. कायद्याचे जाडजूड ग्रंथ लिहिणारा हा पंडित १८६६ सालीं शहरांतील शाळांतून वर्गावर्गांत जाऊन मुलांशीं पैशाविषयीं बोलूं लागला.

योजना अगदीं साधी होती. मुलानें आपल्याजवळचीं एकदोन सांतीमांचीं नाणीं शिक्षकाकडे द्यावीं. शिक्षकानें तीं त्याच्या नांवावर मांडावीं. आणि रक्कम शंभर सांतीम, म्हणजे एक फ्रँक, झाली कीं १८६५ सालीं स्थापन झालेल्या सरकारी बचतपेढींत त्या मुलाच्याच नांवें पुस्तक काढावें. आमच्या मतें या योजनेचें मर्म पेढींत नसून पहिल्या नाण्यापासून शंभराव्या सांतीमापर्यंतच्या काळांत आहे. मिठाईच्या दुकानासमोर उभें राहून 'हें मला आतां हवें आहे काय?' असें मूल जेव्हां स्वतःशींच म्हणतें, तेव्हां जो पाठ होतो तो कोणत्याही पुस्तकांतून होत नाहीं.

इंग्लंडांत डाकखात्याची बचतपेढी १८६१ सालीं निघाली. पण तिच्यांत निदान एक शिलिंग भरावा लागे, आणि गरिबाच्या मुलाजवळ एकदम शिलिंग कोठून येणार? ही अडचण हेन्री फॉसेट यांनीं दूर केली. हे केंब्रिजचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक. ऐन पंचविशींत शिकारीच्या अपघातांत त्यांची दृष्टि गेली होती. पार्लमेंटांत हिंदुस्थानच्या जमाखर्चाचा ते इतक्या चिकाटीनें जाब विचारीत कीं, लोक त्यांना 'हिंदुस्थानचे सभासद' म्हणूं लागले. १८८० सालीं डाकखात्याचे मुख्य झाल्यावर त्यांनीं एक छापील कागद काढला. त्यावर एकेक पेनीचें तिकीट चिकटवीत जावें. बारा तिकिटें झालीं कीं तो कागद शिलिंग म्हणून जमा व्हावा. पुढें १८८२ सालीं हिंदुस्थानांतही डाकघरांतून बचतपेढ्या सुरू झाल्या.

परंतु येथेंच थांबलों तर इतिहास अर्धाच सांगितल्यासारखा होईल. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांवर उठून खतें आणि वह्या जाळल्या. शेतकरी लग्नकार्यांत पैसा उधळतो म्हणून बुडतो, असें तेव्हां सर्रास म्हटलें जाई. चौकशीसाठीं नेमलेल्या मंडळानें मात्र निराळेंच सांगितलें: एखाद्या लग्नापेक्षां धान्य, बियाणें, बैल आणि सरकारी सारा यांसाठीं वारंवार काढावीं लागणारीं लहान कर्जेंच रयतेला अधिक बुडवितात. अशा माणसाला 'काटकसर कर' म्हणणें ही निव्वळ क्रूरता होय. त्याच्याजवळ उधळण्यासारखें फारसें नव्हतेंच. ज्या खतावर तो अंगठा उठवी तें त्याला वाचतां येत नव्हतें, हें त्याचें खरें दुर्दैव.

म्हणून सांचविणें हें या शिक्षणाचें एक अंग, आणि हिशेब वाचतां येणें हें दुसरें. लोराँच्या पेढींत पहिलें शिकतां येईल, सुप्याच्या जळलेल्या वह्यांपासून दुसरें. आजचेंच उदाहरण घ्या. वर्षाला शेंकडा तीन व्याजानें ठेवलेले शंभर रुपये दुप्पट होण्यास सुमारें चोवीस वर्षें लागतात. पण क्रेडिट कार्डाची बाकी महिन्याला शेंकडा तीन दरानें थकली, तर तीच रक्कम चोवीस महिन्यांत दुप्पट होते. 'तीन टक्के' हे शब्द दोन्हीकडे सारखेच! पंधरा वर्षांच्या मुलामुलीला हा फरक कागदावर करून दाखविण्यास अर्धा तास पुरतो. तो न कळल्यास अर्धें आयुष्य पुरत नाहीं.

आमच्या लहानपणीं घरांत मातीचा गल्ला होता. एका वर्षीं घरच्या आजारपणांत वडिलांनीं तो आमच्यासमक्ष फोडला. सत्तेचाळीस रुपये निघाले. आम्ही रडकुंडीस आलों होतों. वडिलांनीं घरची वही काढून ती रक्कम आमच्या नांवें जमा मांडली, आणि चार महिन्यांनीं ती परत देतांना त्या नोंदीखालीं आमची सही घेतली. वडीलही आपले देणेकरी असूं शकतात, आणि लिहिलेला शब्द त्यांनाही बांधतो, हें त्या दिवशीं कळलें. गल्ल्यानें जें शिकविलें नव्हतें, तें त्या एका सहीनें शिकविलें.

२०१४ सालापासून रिझर्व्ह बँकेनें दहा वर्षांवरील मुलांना स्वतःचें बचतखातें स्वतः चालविण्याची मुभा बँकांमार्फत दिली आहे. आणि २०१६ सालीं यूपीआय आल्यापासून पैसा हातानें मोजण्याचे प्रसंगही कमी झाले आहेत. नाणें मुठींतून सुटतांना जो किंचित् चटका बसे तो आतां बसत नाहीं. अशा वेळीं आईबापांनीं एवढेंच करावें: महिन्याची एक ठराविक रक्कम मुलाच्या हातीं द्यावी, तिचा जमाखर्च त्याच्याच अक्षरांत लिहवून घ्यावा, आणि ती विसाव्या दिवशीं संपली तर उरलेले दहा दिवस त्याला तसेच काढूं द्यावे. हें शेवटचें सर्वांत कठीण. कारण त्यांत संयमाची परीक्षा मुलाची नसून आईबापांची असते.