मानेचे मणके आणि रक्तदाब : प्रस्तावना

‘डॉक्टर, मणक्यात गॅप आलाय, त्यामुळेच बीपी वाढतंय का?’ हा प्रश्न रुग्ण वारंवार विचारतात, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. या विषयात नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्याचे स्वागत मी याच प्रश्नाने करतो.

प्रश्नाला शरीररचनेचा आधार आहे. जबड्याच्या कोनाखाली कॅरोटिड धमनी दुभंगते, तिथे तिच्या भिंतीत रक्ताचा दाब जोखणारी चेतांची टोके असतात. दाब वाढला की तिथून मेंदूच्या तळाशी संदेश जातो, हृदयाची गती मंदावते आणि रक्तवाहिन्या सैलावतात. याच जागेचा श्वसनाच्या नियंत्रणातला वाटा दाखवल्याबद्दल कोर्नेय हेमन्स यांना १९३८चे नोबेल पारितोषिक मिळाले. शिवाय मणक्यांच्या पुढ्यात, दोन्ही बाजूंना, अनुकंपी चेतासंस्थेच्या गाठी आहेत आणि तिचे तंतू मणक्यांमागच्या अस्थिबंधातही शिरतात. झिजलेली चकती या तंतूंना डिवचत असावी, हा तर्क इथूनच निघतो.

तर्काला पुरावा मात्र तोकडा आहे. शिकागोतल्या २००७च्या एका चाचणीत मानेचा पहिला मणका हाताने जुळवल्यावर आठ आठवड्यांत वरचा रक्तदाब सरासरी १७ अंकांनी उतरला. लटका उपचार झालेल्यांचा तीनच अंकांनी. आकडा मोह पाडणारा आहे, पण रुग्ण अवघे ५० होते, आणि तिथे प्रश्न मणक्याच्या जागेचा होता, झिजेचा नव्हे.

त्याहून मोलाचा धडा मला १९७३च्या काउली, लियार्ड आणि गायटन यांच्या प्रयोगात दिसतो. दाब जोखणाऱ्या चेता तोडलेल्या कुत्र्यांचा रक्तदाब दिवसभर वेडावाकडा चढउतार करी, पण चोवीस तासांची सरासरी जवळजवळ पूर्वीसारखीच राही. मानेतल्या बिघाडाने दाब हेलकावतो, हे मान्य करणे सोपे आहे. तो कायमचा चढतो, हे सिद्ध करणे फार अवघड.

वयाचा घोळ तर आहेच. साठीत बहुतेकांच्या एक्स-रेत झीज दिसते, आणि रक्तदाबही त्याच वयात गाठतो. दोन्ही एकत्र सापडले म्हणून एकाने दुसऱ्याला जन्म दिला असे होत नाही.

एक दुवा मात्र पक्का आहे. मानदुखीवर महिनोन्‌महिने घेतलेल्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या शरीरात मीठ-पाणी साठवतात, रक्तदाब चढवतात आणि त्यावरच्या अनेक औषधांचा जोरही कमी करतात. म्हणून रुग्णाची एक्स-रेची फिल्म उजेडाला धरण्याआधी त्याची औषधांची पिशवी उघडावी. पहिले प्रकरण तिथूनच सुरू केले आहे.