म्हैसूरच्या युद्धापासून लेसरच्या किरणापर्यंत

चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी लेसर शस्त्रक्रिया करून घेणे आज म्हैसुरूपासून पुण्यापर्यंत नित्याचे झाले आहे. काही मिनिटांत आटोपणाऱ्या या उपचारातील एक कल्पना मात्र शल्यविद्येत फार जुनी आहे, आणि तिच्या इतिहासातील एक ठळक पान म्हैसूरच्या रणभूमीवर उघडते.

१७९२ चे तिसरे इंग्रज–म्हैसूर युद्ध. एका बाजूस इंग्रज, मराठे व निजाम. दुसऱ्या बाजूस टिपू सुलतान. इंग्रजी फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा शेतकरी टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात छाटण्यात आला. वर्षाहून अधिक काळ तसाच काढल्यावर पुण्याजवळ, विटा पाडणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक बसवले. मेणाच्या साच्याबरहुकूम कपाळावर आकृती आखून त्याने तेवढी कातडी सोडवली. पण दोन भुवयांमधला चिंचोळा पट्टा तोडला नाही. त्यातून रक्त वाहत राहिले, म्हणून फिरवून बसवलेली कातडी जगली. ती रुजल्यावर, सुमारे २५ व्या दिवशी, तो पट्टा छेदण्यात आला. ऑक्टोबर १७९४ मध्ये हा वृत्तान्त लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आला. १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू यांनी तीच रीत इंग्लंडमध्ये यशस्वी केली.

लॅसिक शस्त्रक्रियेतही कॉर्नियाचा पातळ पापुद्रा सोडवतात, पण एका बाजूने जोडलेलाच ठेवतात. अर्थात लॅसिक थेट पुण्याच्या नाकातून जन्मले असे म्हणणे चूक ठरेल. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात. तेथे ही बिजागरी पापुद्रा अचूक जागी परत बसावा यासाठी असते.

खरी अडचण होती ती पापुद्र्याखालची ऊती कोरण्याची. मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा हा भाग. पात्याने तो हवा तसा घडवणे फार अवघड, आणि साध्या लेसरने भाजण्याची भीती. त्याचे उत्तर मद्रासमध्ये जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन यांना अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत गवसले. नोव्हेंबर १९८१ मध्ये सणाच्या जेवणातून उरलेला टर्कीचा तुकडा त्यांनी १९३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या एक्सायमर लेसरखाली धरला. अतिनील किरणांनी रेणूंचे बंध तोडले आणि सुटलेले कण उष्णता सोबत घेऊन निघून गेले. कडेची ऊती भाजली नाही. जेम्स विन आणि सॅम्युएल ब्लम हे त्यांचे सहकारी. १९८३ मध्ये नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांच्यासह हे तंत्र कॉर्नियाकडे वळले, आणि १९९५ मध्ये अमेरिकेत एक्सायमर लेसरने दृष्टिदोष सुधारण्यास मान्यता मिळाली.

या तिघांना २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले. ते न्याय्यच होते. परंतु १७९४ च्या त्या वृत्तान्तात रुग्णाचे नाव आहे, त्याची जात आहे, मेणाच्या साच्याचा तपशीलही आहे. नाही ते फक्त शस्त्रक्रिया करणाऱ्याचे नाव. जगाने त्याची रीत उचलली, माणूस मात्र जातीच्या उल्लेखापलीकडे उरला नाही. आपल्याकडे कौशल्याची वाण कधीच नव्हती. नोंद करण्याची होती. विज्ञानाच्या इतिहासात ही उणीव लहान नव्हे.